बुजलेल्या ओढ्यांचा अभ्यास: आधार नकाशाचा घ्यावा की माणसांच्या सांगण्याचा?

संशोधक विद्यार्थिनी, लातूर

नमस्कार. नगरनियोजन आणि पर्यावरण व्यवस्थापन या विषयात माझे पीएच.डी.चे काम सुरू असून, शहर वाढत गेले तसे त्याच्या हद्दीतील ओढे, आड आणि बारवा यांचे काय झाले, हे मी तपासत आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले तेव्हा मी शाळेत होते. आईबरोबर घागर घेऊन रांगेत उभी असताना, मांजरा धरण आटले हे कळत होते, पण आमच्याच गल्लीतला आड कधी आणि का बुजवला, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. आता अडचण अशी आहे की विकास आराखड्यात ओढा सरळ रेषेत दाखवला आहे, उपग्रहाच्या छायाचित्रात तो दिसतच नाही आणि जुनी माणसे तो तिसऱ्याच ठिकाणी होता असे सांगतात. यांपैकी आधार कशाचा घ्यावा?

निवृत्त नगररचनाकार, छत्रपती संभाजीनगर

ताई, विकास आराखड्यापासून सुरुवात करू नका. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा आणि सर्व्हे नंबरांची टिपणे (मोजणीचे मूळ कागद) यांच्या नकला मिळवा. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्यामुळे आपल्याकडचे जुने दप्तर पश्चिम महाराष्ट्रापेक्षा वेगळे आहे. सेतवार (सर्व्हे नंबरवार जमिनीची जुनी नोंदवही) आणि १९५४ चे खासरा पत्रक (जमीन व तिच्या कब्जेदाराची नोंद) पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून नोंदलेले क्षेत्र पुष्कळदा ओढ्याखालचेच निघते. मी स्वतः अनेक वर्षे टेबलावर बसून आराखडे तपासले आणि ओढ्याची रेषा रस्त्याला समांतर सरळ केलेली पाहूनही जागेवर गेलो नाही, याची खंत आजही वाटते.

स्कॉटिश नगरनियोजनकार पॅट्रिक गेडीस यांचे काम अवश्य वाचा. १९१४ मध्ये ते भारतात आले, १९१८ मध्ये त्यांनी इंदूरचा अहवाल दिला आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. आधी शहराची पायी पाहणी, मग निदान आणि त्यानंतरच उपाय, असा त्यांचा क्रम होता. तळी आणि विहिरी बुजवण्याऐवजी स्वच्छ करून जपाव्यात, असा त्यांचा आग्रह असे. आमच्या शहरात निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या नहरींनी तर डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालून, निव्वळ उताराच्या बळावर, वस्तीपर्यंत आणले होते. ती आखणी जमिनीचा उतार ओळखल्याशिवाय झालीच नसती.

भूशास्त्राचे अध्यापक, नांदेड

वरील मताशी सहमत आहे. एक भर घालतो. आपला खडक बसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगा-सांध्यांत. अखंड पाषाणात ते जवळपास नसतेच. ओढ्याने पुष्कळदा खडकातल्या अशाच कमकुवत पट्ट्याची वाट धरलेली असते, त्यामुळे पात्रात भराव टाकून वर काँक्रीट केले की पाणी मुरण्याची उत्तम जागाच बंद होते आणि दोन्ही काठांवरच्या विहिरी उतरतात. पुढे विंधन विहीर कितीही खोल नेली तरी तिला पाणी देणारी वरची वाट राहिलेली नसते. म्हणून ओढ्याच्या रेषेबरोबर जुन्या विहिरींची पाणीपातळीही नोंदवा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा सरल्यावर.

एक रहिवासी, बीड

मी अभ्यासक नाही, पण ज्या घरात राहतो ते ओढ्यात आहे. प्लॉट घेताना आम्हाला दाखवलेल्या लेआउटवर तेथे मोकळी जागा आणि नऊ मीटरचा रस्ता होता. पहिल्याच मोठ्या पावसात स्वयंपाकघरातल्या फरशीच्या सांध्यांतून पाणी वर आले. बाहेरून नव्हे, खालून. नंतर शेजारच्या आजींनी दाखवले की आमच्या मागच्या बाजूला उंबर आणि करंजाची पाच-सहा झाडे एका वाकड्या ओळीत उभी आहेत, आणि तोच जुना काठ. मोठ्या नदीला पुराचे पाणी कुठवर येते हे दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा असते. अशा लहान ओढ्यांना ती बहुधा आखलेलीच नसते, त्यामुळे तक्रार घेऊन गेलो तर दाखवायला कागदावर काहीच नव्हते. आपल्या प्रबंधात झाडांची ओळ आणि फरशीतली ओल यांनाही पुरावा म्हणून जागा द्यावी, ही विनंती.

निवृत्त नगररचनाकार, छत्रपती संभाजीनगर

बीडच्या रहिवाशांचा मुद्दा फार मोलाचा आहे. विकास आराखड्याचा मसुदा, म्हणजे प्रारूप आराखडा, प्रसिद्ध झाल्यावर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. ती मोजक्याच दिवसांची असते. त्या वेळी नुसते तोंडी सांगणे टिकत नाही, पण सर्व्हे नंबरासह काढलेले छायाचित्र आणि गाव नकाशाची प्रमाणित नक्कल जोडली तर हरकतीला वजन येते. तुमची पाहणी त्या नमुन्यात नोंदवली, तर ती प्रबंधाबाहेरही उपयोगी पडेल.

संशोधक विद्यार्थिनी, लातूर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. सर, सेतवारीच्या नकलेसाठी मी याच आठवड्यात अर्ज करते. काका, आपली हरकत नसेल तर आपल्या घरामागच्या झाडांची ओळ मोजायला मी पावसाळ्यापूर्वी बीडला येईन. सेतवारीतल्या उर्दू नोंदी वाचून देणारे कोणी जाणकार लातूर किंवा उदगीर परिसरात असतील, तर कृपया येथेच कळवावे.