अन्नधोरणात मासा फक्त टनातच मोजायचा का?

प्रश्न: कोल्हापूरच्या पंचगंगा नदीत सांडपाणी आलं की मासे वर येऊन तडफडतात. मत्स्योत्पादनाच्या योजनेत त्यांचे हाल, नदीची तब्येत कुठं बसवायची?

उत्तर: भावा, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव ‘प्राणी’ आहे. मासाही आलाच. मरळ मासळी हवेतून श्वास घेते, पाण्याबाहेर लई वेळ जिवंत राहते. म्हणून डोक्यात घाव घालून आधी मारा, खवले मग काढा. मासेमारीच्या परवान्यातच ही अट हवी.

दुसरं उत्तर: महाराष्ट्राच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. पावसात नदीतले मासेही अंडी घालायला वर चढतात, तेव्हा बंधाऱ्याखाली जाळी कशाला?

प्रश्नकर्ता: परवान्याची अट पटली. मत्स्य विभागाला अर्ज लिहितोय, बंधाऱ्याचंही घालतो.