काटेरी डोक्याचा सरडा : केवळ रंगप्रकार नव्हे

तमिळनाडूतल्या मेघमलईच्या डोंगरातला काटेरी डोक्याचा सरडा (शास्त्रीय नाव मोनिलेसॉरस अकॅन्थोसेफॅलस) म्हणजे नेहमीच्याच सरड्याचा वेगळ्या रंगाचा प्रकार असावा, अशी शंका घेतली जाते; ती रास्त असली तरी मला ती पटत नाही. २०१८ साली नवी जाती म्हणून त्याचे वर्णन करताना संशोधकांनी केवळ रंग आणि डोक्यावरचे काटे पाहिले नाहीत (सरड्यांच्या बाबतीत रंगावर कोण विसंबणार?), तर खवल्यांची ठेवण, हाडांची रचना आणि डीएनए यांची पश्चिम घाटातल्या इतर सरड्यांशी तुलना केली. वर्गीकरणाच्या त्याच फेरतपासणीत कोकण-गोव्याच्या जंगलांत आढळणारा, पूर्वी कॅलोटिस रूक्सी म्हणून नोंदला जाणारा सरडाही मोनिलेसॉरस या नव्या प्रजातीत (genus, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) गेला. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या क्षेत्रनोंदी वाचताना हा नामबदल ध्यानात घ्यावा लागेल.