दारावरचा खडू

घराला आशीर्वाद देण्याचे विधी हे 'घरातलं वाईट काही असेल ते घालवायचं, एवढ्यासाठीच' असतात, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटलं. जर्मनी-ऑस्ट्रियातली कॅथलिक घरं बघा. तिथे ६ जानेवारीच्या सुमारास राजांचे मुकुट घातलेली पोरं दारोदार गाणी म्हणत फिरतात आणि चौकटीवर खडूने लिहितात, जसं २०२४ साली: २०, सी, एम, बी, २४. मधली अक्षरं बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या नावांची, शिवाय 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' या लॅटिन वाक्याचीही.

घर नवं असो वा आजोबांच्या काळातलं, हे दरवर्षीच! आणि पोरांच्या हातात डबा असतो, गरीब देशांतल्या मुलांसाठी पैसे जमवायला. यात घालवण्यासारखं काय आहे? पुढच्या जानेवारीपर्यंत तो खडू कुणी मुद्दाम पुसतही नाही.