पूर्ण वेळ नोकरी करताना नर्सिंगला प्रवेश : जीएनएम (नर्सिंगची पदविका) की बी.एस्सी. (पदवी)?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एका खासगी रुग्णालयाच्या केसपेपर काउंटरवर मी पूर्ण वेळ काम करते. वय २७ वर्षे, बारावी कला शाखेतून ५८ टक्के, इंग्रजी विषय होता. वॉर्डमधील सिस्टरांचे काम रोज पाहून नर्सिंगला जायचे मी पक्के केले आहे. परंतु घराच्या कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून जातो, त्यामुळे नोकरी एकाएकी सोडता येणार नाही. एका संस्थेने 'फक्त परीक्षेला या, हजेरीचे आम्ही पाहून घेऊ' असे सांगितले आहे. माझ्यासाठी जीएनएम योग्य की बी.एस्सी., आणि नोकरी न सोडता हे शिक्षण पूर्ण होऊ शकेल का?

उत्तर १ (नर्सिंग शिक्षिका, नाशिक) : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे. नोकरी करताना प्रवेशाची तयारी होऊ शकते. नोकरी करताना हा अभ्यासक्रम होऊ शकत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार परीक्षेला बसण्यासाठी किमान ८० टक्के हजेरी लागते, आणि प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी प्रत्येक विभागातील प्रात्यक्षिकाचे तास शंभर टक्के भरावे लागतात. प्रसूतिकक्ष, शस्त्रक्रियागृह, बालरुग्ण विभाग, मनोरुग्ण विभाग, सामुदायिक आरोग्य या सर्व ठिकाणी विद्यार्थिनीला प्रत्यक्ष उभे राहावे लागते. कॉलेजच्या हजेरीपटावर आणि रुग्णालयाच्या मस्टरवर एकाच वेळी आपले नाव असेल, तर त्यांपैकी एक नोंद खोटी ठरते, आणि पुढे परिषदेकडील नोंदणीच्या वेळी किंवा सरकारी भरतीत कागदपत्रे तपासली जातात तेव्हा त्याचा भुर्दंड आपल्याला पडतो, संस्थेला नव्हे. त्या संस्थेपासून दूर राहा. पत्राद्वारे किंवा 'सहा महिन्यांत नर्स' अशा जाहिरातींतून मिळणाऱ्या प्रमाणपत्रांवर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय आपण नर्स म्हणवून घेऊ शकत नाही.

आता अभ्यासक्रमाविषयी. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असून त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. जीएनएम तीन वर्षांचे असते. त्याला कोणत्याही शाखेची बारावी चालते, मात्र इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण हवेत. वयाची मर्यादा १७ ते ३५ आहे. म्हणजे आजच्या स्थितीत आपल्यासाठी जीएनएमचा दरवाजा उघडा आहे.

उत्तर २ (नागपूर) : थोडे वेगळे मत मांडतो. विज्ञान नसल्याने बी.एस्सी.चा विचार लगेच सोडू नये. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची बारावी नर्सिंग प्रवेशासाठी ग्राह्य धरली जाते आणि नोकरी करताना ती देता येते. त्यानंतर राज्य सीईटी कक्षाची नर्सिंगची परीक्षा देऊन शासकीय महाविद्यालय मिळाले, तर पदवी थेट हाती येईल.

उत्तर ३ (स्टाफ नर्स, पुणे) : मीही औषधाच्या दुकानातील नोकरी करून मग जीएनएमला गेले, म्हणून वरील सल्ल्याशी असहमती नोंदवते. दहा वर्षांनंतर भौतिकशास्त्र नव्याने शिकायचे, तेही दिवसभर काउंटरवर उभे राहून, त्यानंतर प्रवेश परीक्षा आणि मग चार वर्षे. ज्यांच्या घरी हप्ता चालू आहे त्यांना हा मार्ग फार लांब पडतो. जीएनएम करून नोंदणी झाली की पगार सुरू होतो, आणि पदवी दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी.ने पुढे केव्हाही घेता येते.

खरी अडचण अभ्यासाची नसून पैशांची आहे. मी आधी तीन वर्षांचा हिशेब कागदावर मांडला : शुल्क, वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तके, शिवाय घरचा हप्ता. शासकीय संस्थेत शुल्क खासगीपेक्षा बरेच कमी असते, म्हणून दूरचा जिल्हा मिळाला तरी पसंतिक्रमात शासकीय संस्था वर ठेवाव्यात. कर्जाबाबत बँकेशी नोकरी सोडण्यापूर्वी बोला, कारण हप्ता कमी करून मुदत वाढवायची असेल तर पगारपत्रक हातात असताना ती बोलणी सोपी जातात. कागदपत्रांसाठीही आताच सेतू केंद्रात जा. अधिवास प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जातवैधता व नॉन-क्रीमीलेयर, आणि शिक्षणात खंड पडल्याबद्दलचे प्रतिज्ञापत्र, यांतील एकही दाखला प्रवेशफेरी सुरू झाल्यावर धावपळ करून वेळेत मिळत नाही. जीएनएमच्या प्रवेशाची पद्धत त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचावी. एजंटाच्या तोंडून ऐकू नये.

प्रश्नकर्ती : सर्वांचे आभार. रात्रपाळी घेऊन दिवसा कॉलेज केले तर चालेल का?

उत्तर १ : नाही. विद्यार्थिनींना स्वतःलाच रात्रीच्या ड्यूट्या लागतात, आणि तिसऱ्या वर्षातील सहा महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये तर जवळजवळ कर्मचाऱ्यासारखे काम असते. रात्रभर जागलेल्या मुलीच्या हाती सकाळी इंजेक्शनची ट्रे देणे मला शिक्षिका म्हणून मान्य होणार नाही. सुट्टीच्या दिवशी शिकवणी घेणे किंवा घरून टायपिंग करणे वेगळे. तेवढे कोणी अडवत नाही.

उत्तर ३ : एक सुचवते. आपल्या रुग्णालयाच्या मेट्रनना, म्हणजे सिस्टरांच्या प्रमुखांना, भेटा. स्वतःचे नर्सिंग स्कूल असलेली काही रुग्णालये शिक्षणानंतर ठरावीक वर्षे सेवा देण्याच्या कराराच्या बदल्यात शुल्काचा भार उचलतात. असा बाँड करण्यापूर्वी मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात राहणार आणि मधेच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, ही दोन कलमे नीट वाचा. संस्थेला परिषदेची मान्यता आहे की नाही, हे परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः पाहा.

प्रश्नकर्ती : मेट्रन मॅडमना सोमवारी भेटते. बँकेतही त्याच आठवड्यात जाऊन येईन.