हॉट व्हील्सची रीसेल: नफा घ्या, पण खोका दुकानात फुटू द्या

राजारामपुरीकर
या ऑनलाइन चर्चेत थेट मुद्द्यावर येतो. हॉट व्हील्सच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्या जमवायच्या आणि पुढं चढ्या भावानं विकायच्या, यात मला गैर वाटत नाही. कुणी वर्षानुवर्षं एखादी गाडी पाकिटाच्या कार्डाचा कोपराही दुमडू न देता जपली आणि चौपट किमतीला विकली, तर ती त्याच्या जपण्याची किंमत आहे. घेणाराही समजून घेतो.

माझा आक्षेप आहे तो खोका परस्पर फुटतो त्याला. दुकानात माल येतो, आत कोठीतच उघडला जातो, कामाला असलेल्या पोराच्या हातावर काहीतरी टेकवलं जातं, आणि स्कायलाइन, सुप्रा, पोर्शे अशी मागणीतली मॉडेलं दुकानातल्या हुकवर लागायच्या आधीच एकाच्या पिशवीत जातात. संध्याकाळी त्याच गाड्या व्हॉट्सअॅपवर तिप्पट भावात. दुकानात आलेल्या पोरांसाठी उरतात त्या कुणाला नको असलेल्या फँटसी, म्हणजे काल्पनिक डिझाइनच्या, गाड्या. कोल्हापुरात अशी दुकानं किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिथंच ही वाट बंद झाली तर जायचं कुठं? मला वाटतं हे चूक आहे, आणि विकणाऱ्याबरोबर दुकानदारही यात धरला पाहिजे.

चौसष्टावा भाग
भावा, मी विकतो. तोंड लपवत नाही. स्कॅल्पर म्हणा, म्हणजे माल उचलून चढ्या भावानं विकणारा, काय म्हणायचं ते म्हणा. पण आधी हिशेब बघा. सांगली, इचलकरंजी, बेळगाव, कधी पुण्यापर्यंत फिरतो. पेट्रोल माझं, वेळ माझा. चार गाड्या हातोहात जातात, बाकीचा माल कपाटात पडून राहतो, त्याचा फोटो कुणी टाकत नाही. गडहिंग्लजचा एक गिऱ्हाईक आहे, त्याच्या गावात ही गाडी येतच नाही. त्याला मी घरपोच देतो, तो खुशीनं पैसे देतो. तुम्हाला मध्ये त्रास काय? हे काय रेशनचं धान्य आहे का औषध? खेळणं आहे. नको असेल तर घेऊ नका.

पेठेतली आई
चौसष्टावा भाग, दादा, "नको असेल तर घेऊ नका" हे मोठ्या माणसाला सांगायला ठीक आहे. माझा मुलगा सहावीत आहे. दुकानात गेला की एकेक कार्ड हुकवरून काढतो, ब्लिस्टरमधली, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या आवरणातली, गाडी अंगठ्यानं हळूच बाजूला सरकवल्यासारखी करतो आणि तिच्या मागं कार्डावर ज्वाळेची खूण दिसते का बघतो. चंदेरी असली तर साधी ट्रेझर हंट, म्हणजे कंपनी मोजक्याच काढते त्या दुर्मिळ गाड्यांपैकी, सोनेरी असली तर त्याहून दुर्मिळ सुपर. मग कार्ड होतं तसं परत अडकवतो. हे सगळं त्याला पाठ आहे. पैसे त्याच्या खाऊचे. त्याला मिळाली नाही याचं मला काही नाही, नशिबाचा भाग आहे. पण तिथं ती येणारच नव्हती, हे मी त्याला कसं सांगू? आणि मिळाली असती तर तिथंच पाकीट फोडून तो तिच्याशी खेळला असता. खेळण्याचं दुसरं काय करायचं असतं?

वजनमापे
कायद्याचं थोडं. लीगल मेट्रॉलॉजी (पॅकेज्ड कमोडिटीज) नियम, २०११ मधला नियम १८ बघा. पाकीटबंद वस्तू छापील किमतीपेक्षा जास्त दरानं विकायची नाही, आणि तिथं "किरकोळ विक्रेता किंवा अन्य व्यक्ती" असा उल्लेख आहे. छापील किंमत खोडणं, पुसणं हाही त्याच नियमात गुन्हा. एमआरपीवर स्टिकर मारून सीलबंद गाडी विकणारे बघितलेत, त्यांनी हे वाचावं. तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडं करता येते.

चौसष्टावा भाग
मग जुनी नाणी, जुनी घड्याळं विकणाऱ्यांनाही पकडा. उद्या मी माझ्या घरातली वस्तू विकली तर तो गुन्हा?

वजनमापे
घरातली एखादी वस्तू विकणं वेगळं. दर आठवड्याला नवा सीलबंद माल उचलून विकणं हा धंदा झाला. धंदा म्हटलं की नियम आले, बिल आलं, कर आला. तुम्हीच तर हिशेब मांडलात.

लाल ज्वाळा
सगळे एकमेकांवर तुटून पडलेत, कंपनीचं नाव कुणी घेत नाही. १९९५ मध्ये ट्रेझर हंट पहिल्यांदा आल्या तेव्हा १२ मॉडेलं होती, प्रत्येकी १०,००० नग. टंचाई मुद्दाम तयार केली जाते, तोच तर त्यांचा खेळ. सुपरला चमकदार स्पेक्ट्राफ्लेम रंग आणि रबरी टायर देतात ते उगाच नाही. लाबूबू बाहुल्यांचंही तेच. त्या काढणाऱ्या पॉप मार्ट कंपनीच्या बंद खोक्यात कुठली बाहुली निघेल ते माहीत नाही, म्हणून लोक पुन्हा पुन्हा घेतात. त्यात आपल्याकडं खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा, शिक्का सक्तीचा. शिक्का हवाच, पोरं खेळणी तोंडात घालतात. पण बाहेरून येणारा माल महाग आणि अडखळत येणार, हे ठरलेलंच. कमी माल आला की मधला माणूस उभा राहणारच.

राजारामपुरीकर
लाल ज्वाळा, टंचाई कंपनीची, मान्य. पण कोठीत कोण शिरलं? कंपनी नाही. लांबून आलेल्या टंचाईचं कारण सांगून इथल्या माणसाचा हात सुटत नाही. पूर्वी थिएटरबाहेर ब्लॅकनं तिकिटं विकली जायची. खुर्च्या कमी होत्या हे खरंच, पण बुकिंगच्या खिडकीशी संगनमत होतं, राग त्याचा यायचा.

चौसष्टावा भाग
तिकीट खेळ सुटला की कागद होतं. गाडी राहते. ज्यानं तिप्पट दिले त्याला उद्या पाचपट मिळतील. हे दोन एक कसे?

राजारामपुरीकर
फरक आहे, मानतो. म्हणूनच तुमच्या नफ्यावर मी बोलत नाहीये. तुम्ही पुण्याहून आणा, गडहिंग्लजला पोचवा, दोन पैसे जास्त घ्या, ती मेहनत आहे. माझा प्रश्न एकच: खोका हुकवर लागल्यावर तुम्ही इतरांसारखे येऊन घेता, की आधी आतून उचलता?

एकच ठेवतो
मी कॉलेजला आहे. दोन मिळाल्या तर एक विकतो, त्यातून पुढची घेतो. सगळ्यांना एका मापानं मोजू नका. आमच्या ग्रुपमध्ये मेंबरला छापील किंमत आणि कुरिअर एवढंच घ्यायचं ठरलंय, आणि ते पाळलं जातं.

चौसष्टावा भाग
राजारामपुरीकर, प्रश्न विचारलात तर सरळ सांगतो. दोन दुकानांत फोन येतो, माल आला म्हणून. मी जातो, सगळा घेतो, एमआरपी देतो, बिल घेतो. दुकानदाराचा माल एका दिवसात खपतो, त्याचं नुकसान काय?

पेठेतली आई
दुकानदाराचं नाही. माझ्या मुलाला मात्र तो फोन येत नाही.

राजारामपुरीकर
दुकानदारांना उद्देशून लिहितो, इथं दोघं-तिघं वाचतात हे माहीत आहे. फोन करायचाच तर बंद करू नका, पण एका माणसाला एका मॉडेलची एकच गाडी, आणि खोका गिऱ्हाइकासमोर उघडायचा, एवढा नियम काउंटरवर लावा. चौसष्टावा भाग, तुम्हाला असं दुकान चालेल का?

चौसष्टावा भाग
एकच मॉडेल एकच गाडी म्हटलं तर माझा धंदा अर्धा होतो. समोर उघडायला हरकत नाही. दोनवर ठरवा, मी येईन.