मदत हवी आहे: नोव्हेंबरात पाहुण्यांना कोलोराडोत स्कीइंगला न्यावं का?

नमस्कार मंडळी,

मी डेन्व्हरला राहतो. दिवाळी आटोपली की मावसभाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं (वय ८ आणि १२) आणि मावशी असे नाशिकहून येताहेत. नोव्हेंबरच्या मध्यावर इथे असतील, थँक्सगिव्हिंगच्या आधी परत. तिकिटं निघाल्यापासून मुलांनी 'काका, स्कीइंग' असा धोशा लावलाय. बर्फ त्यांच्यापैकी कोणीच पाहिलेला नाही.

मला ब्लू रन (मध्यम अवघड उताराच्या वाटा) जमतात, ब्लॅककडे (सर्वांत अवघड) मी फिरकत नाही. दुसऱ्याला शिकवण्याइतका तर नाहीच येत. डोक्यात लव्हलँड स्की रिसॉर्ट आहे: आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगद्याच्या अलीकडेच, पार्किंग फुकट आणि तिकीट बड्या रिसॉर्टांपेक्षा स्वस्त. पण सीझनच्या सुरुवातीला तिथे एखादीच लिफ्ट आणि वरपासून खालपर्यंत एकच रन उघडी असते म्हणे. अगदी कोऱ्या पाटीच्या माणसांना ती झेपेल का? मावशी ६८ वर्षांच्या आहेत, बीपीची गोळी चालू आहे. त्या स्की करणार नाहीत, पण 'मी एकटी घरी बसून काय करू' म्हणतात. गाडी भाड्याची मिनीव्हॅन असेल.

प्रतिसाद १

स्पष्टच सांगतो, त्या आठवड्यात नवशिक्यांना लव्हलँडला नेऊ नका. जागा झकास आहे, मी स्वतः दर वर्षी सीझनची सुरुवात तिथेच करतो. पण तिथल्या दोन भागांपैकी आधी उघडतो तो बेसिनचा, आणि चेट्स ड्रीम लिफ्टवरून खाली येणारी कॅटवॉक-मॅम्बो-होम रन ही वाट ब्लू आहे. नवशिक्यांचे सौम्य उतार व्हॅली या दुसऱ्या भागात, ते नंतर उघडतात.

शिवाय एकच पट्टा आणि पाच महिने वाट पाहून आलेलं अख्खं डेन्व्हर त्यावर. शनिवारी तर दादरच्या पुलावर उतरल्यासारखं वाटतं, फरक इतकाच की इथे मागून येणारा ताशी पन्नास किलोमीटरने येत असतो. ए-बेसिन (अरापाहो बेसिन) या जवळच्या रिसॉर्टमधल्या अशाच पट्ट्याला इथली मंडळी 'व्हाइट रिबन ऑफ डेथ' म्हणतात. थट्टेने म्हणतात, पण अगदीच उगाच नाही. दोरीच्या पलीकडे गवत, दगड आणि झुडपांचे खुंट उघडे असतात.

बर्फही बहुतेक मशीनचा. बर्फ बनवणारी गन पाण्याचे तुषार हवेत उडवते आणि ते खाली पडेपर्यंत गोठतात. इथली हवा कोरडी, त्यामुळे पारा शून्याच्या आसपास असला तरी जमून जातं. पण त्याच्या पाकळ्या होत नाहीत, बारीक गोल दाणे होतात. ते दाबले जाऊन घट्ट बसतात, दुपारी वितळतात, रात्री पुन्हा गोठतात. सकाळी नऊला त्यावर स्कीची कड खर्रर्र वाजते आणि रुतत मात्र नाही. चालू गनच्या खालून गेलात तर गॉगलवर बर्फाचा थर चढतो, तो हातमोज्याने खरवडत उतरावं लागतं. आपल्याला यात मजा वाटते. आठ वर्षांचं पोर पहिल्याच दिवशी ढुंगणावर आपटलं की पुन्हा बूट घालायचं नाव घेणार नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण म्हणून बेत रद्द कशाला? कीस्टोन रिसॉर्टला जा. त्यांची स्कूलमार्म ही ग्रीन (सर्वांत सोपी) रन आहे, चांगली लांबलचक, आणि हल्ली तिथे मशीनचा बर्फ आधी तिच्यावरच टाकतात. गोंडोल्याने (बंद केबल-कारने) वर जायचं, आणि कोणाचे पाय लटपटले तर त्यानेच खाली यायचं. नवशिक्यांची जागाही वर माथ्यावर आहे. ती त्या दिवशी उघडी आहे का आणि पहिल्या धड्याचे वर्ग चालू आहेत का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा.

धडा घ्याच. मुलांना वेगळ्या वर्गात घाला, आईबाप समोर असले की रडारड जास्त. तिकीट खिडकीवर अजिबात काढू नका, ऑनलाइन आधी घेतलं तर बरंच कमी पडतं. आणि मधला वार धरा.

मिनीव्हॅनचं बघा मात्र. १ सप्टेंबर ते ३१ मे आय-७० च्या डोत्सेरो ते मॉरिसन या पट्ट्यात ट्रॅक्शन लॉ (बर्फात टायरची पकड राहावी म्हणूनचा नियम) असतो. टायरवर एम+एस (चिखल आणि बर्फ) किंवा हिमशिखराची खूण आणि खाच निदान ३/१६ इंच खोल हवी, नाहीतर गाडीत चेन हव्यात. भाड्याच्या गाडीला चेन लावू देत नाहीत असा अनुभव आहे, तेव्हा गाडी ताब्यात घेतानाच खाली वाकून टायर बघून घ्या.

प्रतिसाद ३

मावशींबद्दल. डेन्व्हर म्हणजेच जवळपास कळसूबाईची उंची. लव्हलँडचा पायथा १०,८०० फूट, म्हणजे कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई. पहिले दोन-तीन दिवस घरीच काढा, पाणी भरपूर, मगच वर. बीपीच्या गोळीबद्दल त्यांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारायला सांगा. डोकं दुखायला लागलं, मळमळलं किंवा धाप लागली तर 'थोडं बसू, बरं वाटेल' करू नका, सरळ गाडीत घालून खाली आणा.

माझ्या सासूबाईंना ब्रेकनरिज हे स्की रिसॉर्टचं गाव फार आवडलं. तिथला गावातून वर जाणारा गोंडोला फुकट आहे. साधारण नोव्हेंबरच्या मध्यावर सीझन उघडला की चालू होतो, तारीख बघून घ्या. उबदार बसून बर्फ बघायचा, खाली येऊन कॉफी.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. मंगळवारी कीस्टोन ठरवतोय, वर्ग असतील तरच. नसले तर सगळे मावशींबरोबर ब्रेकनरिजला. स्की-बूट डेन्व्हरातल्या दुकानातून आदल्या संध्याकाळी घेऊ की तिथेच? आणि मुलांना कपडे कोणते?

प्रतिसाद २

डेन्व्हरातूनच, स्वस्तही आणि सकाळची रांगही टळते. बूट दुकानातच घालून दहा मिनिटं उभं राहायला लावा, पोटरीला कळ लागली तर लगेच बदलून घ्या. बुटात मोजा एकच, दोन घातले की पाय उलट गार पडतात. जीन्स नको, भिजली की संपलं. हेल्मेट भाड्याने मिळतं, हातमोजे सहसा नाही, ते विकत घ्या. वहिनींना सनस्क्रीन आठवणीने सांगा, त्या उंचीवर ऊन चांगलंच भाजतं.