अण्णांच्या टेनोफोविरच्या गोळ्या संपत आल्यात, काय करू?

सायली_मंडणगड (9 जुलै 2020)
अण्णांना (वय 63) कावीळ ब (हेपॅटायटिस बी) आहे, बरीच वर्षं. सिरॉसिसची (लिव्हर कडक होण्याची) सुरुवात आहे म्हणून टेनोफोविर 300, रोज एक. चुलतभाऊ मुंबईहून एसटीनं घेऊन यायचा. आता एसटी बंद, ई-पास मिळत नाही, वादळानंतर लाइटचा पत्ता नाही, रेंजसाठी सड्यावर चढून हे लिहितेय. काल डबी उघडली तर हिशेबापेक्षा जास्त गोळ्या! विचारलं तर म्हणतात, "एकाआड एक घेतोय, पुरवायला नकोत?" तब्येत छान आहे, त्यामुळे ओरडताही येईना. महिनाभर बंद राहिली तर चालेल का?

राजू७७
माझ्या मामांची दोन-तीन महिने बंद होती, ठणठणीत आहेत. टेन्शन नका घेऊ.

केमिस्ट_चिपळूण
राजूभाऊ, असं कुणाला सांगू नका हो.
ताई, बंद अजिबात नको. ही गोळी विषाणू संपवत नाही, नुसता दाबून धरते. थांबवली की तो पुन्हा वाढतो आणि त्रास दिसतो काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. म्हणून आजच्या छान तब्येतीवर जाऊ नका. सिरॉसिसमध्ये असा भडका उडाला तर पोटात पाणी, कावीळ, थेट अ‍ॅडमिट. आणि सध्या बेड कुठे मिळतायत? एकाआड एक डोस असतो, पण किडनी कमजोर असेल तर, आणि तो क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून डॉक्टर ठरवतात, अण्णा नाही. रोजची सुरू करा.
डॉक्टरांना फोन करून चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. मार्चमध्येच केंद्रानं टेलिमेडिसिनचे (फोनवरून सल्ला-चिठ्ठीचे) नियम काढलेत. कंपनी वेगळी चालेल, पण नाव 'टेनोफोविर डिसोप्रॉक्सिल 300' असंच बघा; अलाफेनामाइड 25 ही वेगळी गोळी, परस्पर बदलू नका. भावाला म्हणावं स्पीड पोस्टनं पाठव. शिवाय 2018 पासून हेपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात ही मोफत असते. सिव्हिलला फोन लावून बघा.

सी_वाला_पुणे
मला हेपॅटायटिस सी आहे. सोफोसबुविर-डॅक्लाटासविरचा 12 आठवड्यांचा कोर्स मार्चअखेर सुरू व्हायचा होता, डॉक्टरांनीच पुढे ढकलला. लिव्हर अजून बरं आहे, थोडं थांबलं तर चालेल म्हणाले. व्हायरल लोड (रक्तातला विषाणू मोजायची टेस्ट) करायला गेलो तर लॅबवाला म्हणे, मशीनवर रात्रंदिवस कोरोनाचे स्वॅब लागलेत. पण सुरू असलेली बीची गोळी तोडणं निराळं. केमिस्टसाहेबांचं ऐका.

केमिस्ट_चिपळूण
एक राहिलं. देव न करो, अण्णांना कोरोना झालाच तर दारातच सांगा की बी आहे आणि ही गोळी चालू आहे. आता त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतायत. स्टेरॉइडनं दबलेला बी उसळू शकतो, तेव्हा गोळी तर मुळीच तुटता कामा नये. तापाला पॅरासिटामॉल चालेल, पण सिरॉसिसवाल्याला दिवसाला 2 ग्रॅमच्या वर नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे काढे लांबच ठेवा.

सायली_मंडणगड (17 जुलै)
पार्सल आलं! पोस्टमनकाकांनी पावसात घरी आणून दिलं. अण्णा रोज घेतायत, तोंड वाकडं करून. पुढच्या महिन्यात त्यांची सहामाही सोनोग्राफी आहे, मुंबईऐवजी खेडला केली तर?

केमिस्ट_चिपळूण
करा की. जुना रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे सोनोग्राफीवाल्याला ताडून बघता येईल. एएफपीचं (लिव्हर कॅन्सरवर लक्ष ठेवायची तपासणी) रक्तही त्याच फेरीत द्या.